कूर्ग की चिकमगळूर? जानेवारीत आईला घेऊन सहा रात्री – सल्ला हवा (वृत्तांत प्रतिसादांत)

मोगरा_दादर | ९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला सहा रात्री मिळताहेत. आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझी आई. आई ७३ वर्षांची आहे.

ही सहल खरं तर आईसाठीच आहे. तिचं माहेर माटुंग्याचं. घराखाली कॉफी भाजून दळून देणारं दुकान होतं आणि रोज सकाळी साडेसातला तो वास जिन्यातून वर यायचा, असं ती अजून सांगते. शेजारच्या तमिळ मामींनी तिला फिल्टर लावायला शिकवलं. लग्न होऊन दादरला आली ती पितळी फिल्टर घेऊनच. गेल्या महिन्यात सहज म्हणाली, "साठ वर्षं कॉफी पितेय, पण कॉफीचं झाड कसं असतं ते पाहिलं नाही." तेव्हाच ठरवलं.

मी आखलेला बेत असा: विमानाने बंगळुरू, तिथून गाडी करून म्हैसूर एक रात्र, उटी एक, कूर्ग दोन, चिकमगळूर एक, आणि परत बंगळुरू एक. आईचे गुडघे दुखतात, पंधरा-वीस पायऱ्यांच्या वर जमत नाही. घाटात तिला गाडी लागते. आम्ही शाकाहारी आहोत. बेत जमेल का? कुठे राहावं, काय गाळावं, मोकळेपणाने सांगा.

घाटवाट | ९ नोव्हेंबर

ताई, आधी उटी काढून टाका. म्हैसूर-उटी-कूर्ग-चिकमगळूर हे नकाशावर जवळजवळ दिसतं, पण प्रत्येक टप्पा घाटातला आहे. मडिकेरी (कूर्गचं मुख्य गाव) ते चिकमगळूर हेच मुळात चार-साडेचार तासांचं अंतर. तुमच्या बेतात रोज सामान बांधायचं, रोज चार-पाच तास गाडीत बसायचं. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी ही शिक्षाच होईल.

मी २०१९ मध्ये आईवडिलांना घेऊन असंच पाच दिवसांत पाच ठिकाणं केलं होतं. वडिलांच्या आठवणीत त्या सहलीतलं फक्त गाडीचं मागचं सीट उरलंय. ती चूक तुम्ही करू नका. एकाच ठिकाणी तीन रात्री राहा.

कोकणरेल्वे_प्रेमी | ९ नोव्हेंबर

बंगळुरू कशाला? कूर्ग जिल्ह्यात रेल्वे नाहीच, पण मंगळूरपर्यंत आपली कोकण रेल्वे आहे ना. कुर्ला टर्मिनसहून दुपारी मत्स्यगंधा निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळूर. सीएसएमटीहून रात्री सुटणारी मंगळूर जंक्शनची गाडीही आहे. मंगळूरहून सुळ्या, संपाजे घाट करत मडिकेरी साधारण १४० किलोमीटर. चिकमगळूरला जायचं असेल तर चारमाडी घाट. बंगळुरूहून मडिकेरी अडीचशेच्या वर आहे, शिवाय शहराबाहेर पडायलाच दोन तास जातात.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्या तारखा आज-उद्यातच उघडतील. आईंसाठी खालचा बर्थ हवा असेल तर सकाळी आठला बसा. दुसरी एसी घ्या.

गाडी लागण्याबद्दल: पुढच्या सीटवर बसवा, निघण्याआधी चहा-कॉफी नको, कोरडी इडली किंवा खाकरा चालेल. संपाजे घाट रुंद आहे, चालकाला सावकाश चालवायला सांगा आणि दर चाळीस मिनिटांनी थांबा.

हिरवा_चाफा | १० नोव्हेंबर

मी चिकमगळूरच्या बाजूने बोलणार! मुळ्ळय्यनगिरी १९३० मीटर, कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर. आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) बरंच उंच. शेजारी बाबा बुडनगिरी. भारतातली कॉफी तिथूनच सुरू झाली अशी आख्यायिका आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि या डोंगरावर त्यांनी त्या लावल्या. तेव्हा मोखाहून कच्चं, रुजणारं बी बाहेर नेऊ देत नसत. सात बियांवर एवढा मोठा प्रदेश उभा राहिला ही कल्पनाच मला फार आवडते.

आणि बेलूर-हळेबीडु! बेलूर चिकमगळूरपासून पाऊण तासावर आहे. तिथलं चेन्नकेशव मंदिर १११७ सालचं, होयसळ राजा विष्णुवर्धनाने बांधवलेलं. २०२३ मध्ये बेलूर, हळेबीडु आणि सोमनाथपूर जागतिक वारसा यादीत गेले. तिथला दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो. म्हणून मूर्तीच्या कानातल्या डुलातली पोकळीसुद्धा कोरता आली. ते बघितल्याशिवाय परत येऊ नका, एवढीच विनंती.

कडक_फिल्टर | १० नोव्हेंबर

धाग्याचं शीर्षक बघून राहवलं नाही. मी माटुंग्यातच वाढलो आणि पंचवीस वर्षं कॉफीच्या कच्च्या दाण्याच्या व्यवसायात आहे.

तुमच्या आईंना झाडावरची कॉफी बघायची आहे ना? मग जानेवारी उत्तम. कॉफीच्या मुख्य जाती दोन. अरेबिका उंचावर होते, फळ साधारण नोव्हेंबर ते जानेवारी उतरवतात. रोबस्टा खालच्या पट्ट्यात, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात पिकते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कोडगू, म्हणजे कूर्गचा. तिथे रोबस्टा भरपूर असल्याने जानेवारीत तोडणी, खळं, वाळवण सगळं चालू असतं.

झाड सावलीतलं असतं हे आधी सांगून ठेवा, कारण बरेच जण चहाच्या मळ्यासारखी उघडी टेकडी डोळ्यांसमोर ठेवून जातात. कॉफीवर पांगारा, सिल्व्हर ओक, फणस अशा झाडांची सावली धरतात. त्या मोठ्या खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. लांबून बघाल तर नुसतं जंगल दिसेल.

फळाला तिथे चेरी म्हणतात. पिकलेली लाल चेरी त्याच दिवशी यंत्रात घालून साल-गर काढला, धुतला आणि दाणा त्याच्या पातळ कवचासकट वाळवला तर ते पार्चमेंट. अख्खं फळच उन्हात वाळवलं तर ती चेरी कॉफी. मळ्यात राहाल तिथे दोन्ही प्रकार दाखवा म्हणून सांगा.

वेळ असेल तर बाळेहोन्नूरला कॉफीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, १९२५ सालापासूनची. पण आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मी तिथे नेणार नाही. त्यांना खळ्यावर खुर्ची टाकून बसवा.

वऱ्हाडी_माणूस | ११ नोव्हेंबर

कॉफीचं झाडच बघायचं तर आपलं चिखलदरा आहे की! अमरावती जिल्ह्यात, सातपुड्यात. महाराष्ट्रात कॉफी तिथे होते. लागवड थोडी आहे, पण मेळघाटाच्या कुशीत आहे. मोठ्या सहलीचा बेत फिसकटला तर हे लक्षात ठेवा.

मोगरा_दादर | ११ नोव्हेंबर

किती छान प्रतिसाद! चिखलदरा हे माहीतच नव्हतं. उटी काढली. मत्स्यगंधेची जातानाची तिकिटं मिळाली, आईला खालचा बर्थ. आता प्रश्न कूर्ग की चिकमगळूर, आणि राहायचं कुठे.

कोडगूची_सून | १२ नोव्हेंबर

उशिरा धागा दिसला. मी मूळची गिरगावची, लग्न कोडवा घरात झालंय. सासर विराजपेटजवळ, चार एकर कॉफी आहे. राहतो ठाण्याला, पण वर्षातून दोनदा जातोच.

कोडगूत या असं म्हणेन, पण कसं यायचं ते आधी सांगते.

'कूर्ग' हे इंग्रजांचं नाव. १८३४ साली त्यांनी हे राज्य घेतलं. स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत ते वेगळं राज्य होतं आणि मग आताच्या कर्नाटकात आलं. तिथली माणसं स्वतःला कोडवा म्हणतात, भाषा कोडवा तक्क. फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या याच मातीतले. मडिकेरीला थिमय्यांच्या घरात संग्रहालय आहे, ते जरूर बघा.

अॅबी धबधबा, राजाज सीट, दुबारेचे हत्ती हे सगळे करतात. शनिवार-रविवारी तिथे वाहनांच्या रांगा लागतात. अॅबीला पायऱ्या उतरायच्या आहेत, आईंना नको. त्याऐवजी तलकावेरी आणि भागमंडला करा. मडिकेरीहून साधारण ४८ किलोमीटर, रस्ता वळणांचा पण देखणा. तलकावेरीला कावेरीचा उगम मानतात. ऑक्टोबरमध्ये तुला संक्रांतीला कुंडातलं पाणी उसळून वर येतं अशी श्रद्धा आहे. आमच्या घरी त्या दिवशीचं तीर्थ वर्षभर देवघरात असतं. कावेरी आमची कुलमाता. तिथे मोठ्याने बोलू नका, कुंडाच्या कडेला चपला नेऊ नका. मागच्या ब्रह्मगिरीवर पायऱ्या आहेत, लेकीला पाठवा, आईंना खाली बसू द्या.

भागमंडलाला कावेरी, कन्निके आणि गुप्त सुज्योती असा त्रिवेणी संगम आहे.

शाकाहारी म्हणून काळजी नको. पंदी करी म्हणजे डुकराचं मटण हे तिथलं प्रसिद्ध आहे, पण त्याबरोबरची अक्की ओट्टी म्हणजे तांदळाची भाकरी, कडंबुट्टू म्हणजे तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे, आणि नूपुट्टू. नूपुट्टू पाहिलं की तुम्हाला आपल्या शिरवळ्याच वाटतील! लाल भोपळ्याची भाजी मागा. आमटीत आंबटपणाला काळं, दाट कचंपुळी घालतात. तो आपल्या कोकमाचाच भाऊबंद आहे. मी पहिल्यांदा सासरी खाल्लं तेव्हा चवीने डोळ्यांत पाणी आलं होतं, गिरगावच्या सोलकढीची आठवण होऊन.

दोन गोष्टी मनापासून. मळ्यात विचारल्याशिवाय फळ तोडू नका. ते कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचं आहे. आणि अंधार पडल्यावर मळ्यात फिरू नका, रानटी हत्ती मळ्यांत येतात. दरवर्षी माणसं दगावतात.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये दरडी कोसळून आमच्या भागातली घरं, मळे वाहून गेले. तेव्हापासून डोंगर खणून उभी राहणारी नवीन हॉटेलं बघितली की जीव गोळा होतो. म्हणून सांगते, जुन्या घरात, जुन्या मळ्यात राहा. दोन नावं व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवते.

घाटवाट | १२ नोव्हेंबर

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून ठेवला.

मोगरा_दादर | १५ नोव्हेंबर

ठरलं. मंगळूरहून मडिकेरीच्या बाजूला तीन रात्री एकाच ठिकाणी, मग हासनला एक रात्र आणि तिथून बेलूर-हळेबीडु, शिराडी घाटाने मंगळूर आणि रात्रीची गाडी. मुळ्ळय्यनगिरी पुढच्या खेपेला. कोडगूची_सून, तुमची दोन्ही घरं आमच्या तारखांना भरलेली होती, म्हणून आंतरजालावरून एक ठिकाण घेतलंय, तळमजल्याची खोली मिळेल असं लेखी कळवलंय त्यांनी.

मोगरा_दादर | २१ जानेवारी

परत आलो! वृत्तांत लिहायचं कबूल केलं होतं.

सुरुवात कडू झाली, ते आधी लिहिते म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल. संपाजे घाट आईला अजिबात लागला नाही. पुढचं सीट, कोरडी इडली, सगळं केलं होतं. पण राहण्याच्या ठिकाणी पोचलो तर तळमजल्याची खोली म्हणजे उतारावरून ३४ पायऱ्या खाली असलेली खोली. "मॅडम, तळमजलाच आहे, इमारतीचा तळमजला," असं उत्तर मिळालं. आई काही बोलली नाही, कठडा धरून दहा पायऱ्या उतरली आणि तिथेच बसली. मला रडू आलं. आगाऊ रक्कम परत द्यायला त्यांनी नकार दिला. तेव्हा "तळमजला का" एवढंच विचारू नका. वाहन थांबतं तिथपासून पलंगापर्यंत किती पायऱ्या, असा प्रश्न विचारा आणि चित्रफीत मागवा.

कोडगूची_सून यांना फोन लावला. त्यांनी अर्ध्या तासात त्यांच्या नात्यातल्या एका घरी सोय केली. हे मी कधी विसरणार नाही. जुनं कौलारू घर, पुढे लाकडी खांबांची ओसरी, ओसरीला दोन पायऱ्या. घरच्या आजी आईपेक्षा चार वर्षांनी मोठ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं, अंगावर दोन स्वेटर. आजींनी आईच्या हातात काळी कॉफी दिली, गुळाची. बेल्ला कापी. आई दुधाशिवाय कॉफी घेत नाही, पण तिने ती पूर्ण प्यायली आणि कप पुढे केला, अजून द्या म्हणून.

मग मळ्यात. घरामागून सपाट वाट होती, आईचा हात धरून पन्नास पावलं गेलो. पांगाऱ्याच्या सावलीत तिच्या खांद्याएवढी झाडं, फांदीला चिकटून घोसच्या घोस, काही हिरवे, काही पिवळट, बाकी लालभडक. तोडणाऱ्या बायका झाडाखाली कापड अंथरून फांदी ओरबाडत होत्या, फळं टपटप पडत होती. त्यातल्या एकीने मूठभर आईच्या ओंजळीत दिली. आईने एक फळ दाबलं. पचकन साल फुटली आणि दोन दाणे बाहेर आले, बुळबुळीत, सपाट बाजू एकमेकींना लागलेल्या. तोंडात टाकून म्हणाली, "अगं, गोड आहे!" आम्ही सगळ्यांनी चाखलं. गराला खरंच पातळ गोडी असते, कॉफीचा मागमूस नाही त्यात. दाण्याला वासही नाही. आईला याचंच सर्वांत नवल वाटलं, की तो जिन्यातला वास झाडावर कुठेच नव्हता.

खळ्यावर खुर्ची टाकून दिली होती. (कडक_फिल्टर, तुमचा सल्ला!) तिथे आठ-दहा दिवस वाळलेली फळं काळी पडली होती, आणि लांब दांड्याच्या फावडीने एक माणूस ती सतत वरखाली करत होता. वाळलेलं कसं ओळखायचं ते त्याने दाखवलं: मूठभर घेऊन कानाशी हलवायची. आतला दाणा सुटून खुळखुळ वाजला की झालं. आई तासभर तिथे बसून होती. दर थोड्या वेळाने वाकून मूठ भरायची, कानाशी धरायची. आजी कोडवा तक्कमध्ये काही सांगत होत्या, आई मराठीत उत्तर देत होती. मध्ये भाषांतर करायला मी गेले तर दोघींनी मला हाताने बाजूला केलं.

तलकावेरी फार शांत होतं. कुंड इतकं लहान आहे की एवढी मोठी नदी यातून, असं लेक दोनदा म्हणाली. ती ब्रह्मगिरीवर जाऊन आली, आम्ही खाली बसलो.

बायलकुप्पेचा सुवर्ण मठही पाहिला. १९६१ पासूनची तिबेटी वसाहत आहे ती. तिथे घाई झाली, जास्त लिहीत नाही.

बेलूरला हिरवा_चाफा यांची फार आठवण काढली. आरसा धरलेली दर्पणसुंदरी बघून लेक हलायला तयार नव्हती. हळेबीडुला पूजा होत नाही, त्यामुळे गर्दी कमी आणि निवांत बघता आलं. ही होयसळांची राजधानी द्वारसमुद्र, मलिक काफूरच्या फौजेने १३११ मध्ये लुटलेली. तिथल्या भिंतीवरचे हत्ती एकेक निराळे आहेत हे कुणीतरी सांगितलं आणि मग लेकीने ते मोजायचा घाट घातला.

कोकणरेल्वे_प्रेमी | २१ जानेवारी

खुळखुळ वाजणारी कॉफी! वाचून समाधान झालं. आईंना नमस्कार सांगा.

सावली_मुलुंड | २२ जानेवारी

सुंदर लिहिलंय. तिथून पूड किती आणली? मी मागे दोन किलो आणली होती आणि महिन्याभरात वास गेला.

कडक_फिल्टर | २२ जानेवारी

मुंबईच्या दमट हवेत दळलेली पूड जास्त टिकत नाही. पाव किलोच्या वर आणू नका. आणायचेच तर भाजलेले दाणे आणा आणि आठवड्यापुरते घरी दळा. पुडीवर चिकोरीचं (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं) प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असलेली पूडही कायद्याने विकता येते. फिल्टरला ८०:२० पुष्कळ झालं. चिकोरीने दाटपणा आणि रंग येतो, कॉफीचा वास काही तिच्यातून येत नाही. डिकॉक्शनला पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा, मग ओता, आणि वीस मिनिटं झाकण काढू नका.

मोगराताई, जिन्यातल्या वासाबद्दल: आईंना सांगा, तो भाजण्यात जन्मतो. कच्च्या दाण्याला गवतासारखा वास असतो. त्यामुळे त्यांचा वास माटुंग्याचाच होता.

मोगरा_दादर | २२ जानेवारी

आईला वाचून दाखवलं. परत वाच म्हणाली.

ती आता विचारतेय, कॉफीची फुलं कधी येतात? आजींनी खुणेने सांगितलं होतं की सगळं पांढरं होतं.

कोडगूची_सून | २३ जानेवारी

तारीख सांगता येत नाही. फेब्रुवारी अखेर ते एप्रिलमध्ये पहिला पाऊस पडतो, त्याला तिथे ब्लॉसम शॉवर म्हणतात. चांगला इंचभर पाऊस हवा, तेव्हा थांबलेल्या कळ्या जाग्या होतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एका रात्रीत सगळा मळा फुलतो. वास मोगऱ्यासारखा. तीन-चार दिवसांत फुलं करपतात. रोबस्टाला परागीकरण दुसऱ्या झाडाकडून लागतं, म्हणून त्या दिवसांत मधमाश्यांचा आवाज घरात ऐकू येतो. पाऊस पडला की सासरे पहिला फोन आम्हाला करतात. मी इथेच लिहीन.

कोडगूची_सून | १४ मार्च

धागा वर काढतेय. काल संध्याकाळी विराजपेटला पाऊस झाला, सासऱ्यांच्या मापात सव्वा इंच. मोगराताई, २१ ते २४ धरून चाला. आजींनी ओसरीवरची खोली ठेवली आहे.

मोगरा_दादर | १४ मार्च

आईचं सामान बांधून झालंय. तत्काल उघडलं की तिकिटाला बसते.